परक्या नगरीतला सेवेकरी



पावसाळा सरून तापीचे पाणी निवळले की, बऱ्हाणपूरच्या राजघाटावर संध्याकाळी जाऊन बसण्यासारखे दुसरे सुख नाही. मागे शाही किल्ल्याची उंच भिंत, समोर पात्रातला दगडी हत्ती, पलीकडच्या काठावर जैनाबादची झाडी. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी मी एक पत्र घेऊन या घाटावर गेले होते. ते पत्र आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे होते. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ती एका वर्षासाठी स्वयंसेविका म्हणून आफ्रिकेतील नैरोबी या महानगरात गेली होती. तिला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिने लिहिले होते : “बाई, दिवस कामात जातो, पण संध्याकाळ खायला उठते. इतक्या मोठ्या शहरात ‘जेवलीस का?’ असे विचारणारे एकही माणूस नाही. मी परत येऊ का?”

या प्रश्नाचे उत्तर मी तिला त्या आठवड्यात लिहिले. तोच विषय थोड्या विस्ताराने तुमच्यापुढे व तुमच्या पालकांपुढे मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. उद्या तुमच्यापैकीही कोणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी, अथवा केवळ सेवेच्या इच्छेने परक्या नगरीत जाईल. तेव्हा सामानाच्या यादीत नसलेली एक वस्तू बरोबर न्यावी लागते. ती कोणती, हे आपण पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परक्या ठिकाणी मन उदास होणे हा दुबळेपणा नव्हे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे याच विषयावर भाषण केले व १९६० साली ते लेखरूपाने प्रसिद्ध झाले. त्याने या अवस्थेला ‘संस्कृतीचा धक्का’ म्हटले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नवख्या माणसाला आरंभी सारेच अपूर्व वाटते. नंतर चीड, एकाकीपणा आणि घराची ओढ यांचा काळ येतो. पुढे भाषा कळू लागली की मन सावरते, आणि शेवटी त्या लोकांची रीत ही जगण्याची आणखी एक रीत आहे, इतके सहज वाटू लागते. याचे कारणही त्याने सांगितले. आपल्या गावात हात केव्हा जोडावे, दुकानदाराशी घासाघीस कितपत करावी, कोणाचे ‘नाही’ हे खरे नाही आणि कोणाचे आग्रहाखातर, हे आपल्याला न शिकवता येत असते. परक्या गावी या शेकडो लहान खुणा एकदम नाहीशा होतात. अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसा प्रत्येक पावलाला झोक जातो. माझ्या विद्यार्थिनीचा तिसरा आठवडा म्हणजे नेमका हाच दुसरा काळ होता.

आता या धक्क्यातून सेवेकरी माणूस सावरतो कसा? आपल्या मराठी मुलखातच याचे एक थोर उदाहरण आहे. ते म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. परंतु आपण बहुधा त्यांच्या मृत्यूचीच गोष्ट सांगतो. ते परक्या देशात रुळले कसे, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. त्या जुलैत चीनसाठी निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांचे सहकारी होते. त्या काळी आपले बऱ्हाणपूर मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्यात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे डॉ. चोळकर हे आपल्याच प्रांताचे म्हणावयास हरकत नाही. पथकात वयाने तेच सर्वांत वडील होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पुरे नव्हते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवी घेऊन बाहेर पडले होते व पुढील शिक्षणाचा विचार करीत होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक ‘राजपुताना’ नावाच्या आगबोटीने मुंबईहून निघाले. ते कँटनला उतरले व तेथून वुहानला गेले. वुहान म्हणजे हांकौ, वुचांग आणि हानयांग या तीन नगरांचे मिळून झालेले महानगर. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. शहर मोठे, त्यात निर्वासितांचे लोंढे, वरून विमानांचे हल्ले आणि रुग्णालयात जखमींची रीघ. येथे हात लगेच कामाला लागले, पण तोंड मात्र मुके राहिले. जखम कोठे दुखते हे विचारायलाही दुभाषी लागे. ऑक्टोबरअखेर वुहान शत्रूच्या हाती पडले. पथकाला नदीच्या वरच्या अंगाला सरकत सरकत चुंगकिंग गाठावे लागले. चुंगकिंग ही तेव्हाची युद्धकालीन राजधानी. हे शहर यांगत्से व च्यालिंग यांच्या संगमावर, डोंगरउतारावर वसलेले. रस्त्यांच्या जागी पायऱ्याच पायऱ्या, हिवाळ्यात दाट धुके.

मित्रहो, येथे पथकाची खरी परीक्षा झाली, असे मला वाटते. बाँबच्या वर्षावात माणूस आपले दुःख विसरतो. वाट पाहण्यात मात्र ते आठवते. पुढे येनानकडे जाण्याची परवानगी मिळेपर्यंत त्यांना चुंगकिंगमध्ये आठवड्यामागून आठवडे काढावे लागले. हा वेळ त्यांनी चिनी भाषा शिकण्यात घालविला. त्यांना चिनी नावेही मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘क दिहुआ’. आज चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

याच सुमारास सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरी परतावे, असे कोणीही सुचविणे स्वाभाविक होते. कोटणीसांनी अंगीकारलेले काम पुरे झाल्याशिवाय परतायचे नाही असे ठरविले. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे आपण घरात बसून ठरवू नये. इतकेच पाहावे की, परदेशी सेवेचे सर्वांत मोठे मोल नेहमी घरची माणसे देत असतात. म्हणून पालकहो, मुलामुलीच्या सेवेत तुमचाही वाटा असतो.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथे लोक पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत, रुग्णालयही गुहांतच होते. मुख्य अन्न राळे. आपल्याकडे जुन्या पिढीला राळ्याचा भात ठाऊक आहे. सोलापूरच्या माणसाला ते धान्य अगदीच अनोळखी नसेल, पण रोजच्या रोज तेच खाणे निराळे. पाहुण्या डॉक्टरांना थोडे बरे अन्न द्यावे, असे यजमानांना वाटे. कोटणीसांनी इतरांना मिळेल तेच आपल्यालाही मिळावे असा आग्रह धरला, असे त्यांच्या आठवणी सांगणारे लिहितात. त्या वर्षाच्या अखेरीस ते डॉ. बसूंसह उत्तर चीनमधील आघाडीच्या प्रदेशाकडे निघाले. १९४० सालच्या मोठ्या लढाईत त्यांनी दिवसरात्र न झोपता शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. हे रुग्णालय ज्यांच्या नावाचे, ते डॉ. नॉर्मन बेथ्यून कॅनडाहून असेच सेवेसाठी आले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेली जखम दूषित होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला होता.

कोटणीस तेथील वैद्यकीय शाळेत शिकवूही लागले, आणि शिकवीत ते चिनी भाषेत! वुहानला ज्यांना दुभाषी लागत होता, ते दोन-अडीच वर्षांत परक्या भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ देऊ लागले. शस्त्रक्रियेवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकही लिहावयास घेतले. १९४१ च्या अखेरीस त्यांनी क्वो छिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या शिक्षिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

या चरित्रातून मी जो बोध घेते तो असा. कोटणीस चीनमध्ये गेले शिकविण्याची योग्यता घेऊन, पण त्यांनी आरंभ केला शिकण्यापासून. आधी भाषा, मग अन्न, मग त्या लोकांची कामाची रीत. त्यांना दुसऱ्या देशाने आपला म्हटले, ते केवळ त्यांनी दिलेल्या औषधांमुळे नव्हे. त्यांनी त्या लोकांकडून घेतलेही, म्हणून. देणारा सदैव वरच्या पायरीवर उभा असतो. घ्यायचे तर खाली उतरावे लागते. परक्या नगरीत रुळणे म्हणजे ही एक पायरी उतरणे होय.

आपल्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. बऱ्हाणपुरातील सिंधीपुरा हे नाव सिंध देशातून येथे येऊन राहिलेल्या लोकांची आठवण देते. १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीम यांच्या अमदानीत तबकुतुल अर्ज या फारसी भूजलतज्ज्ञाने कुंडी भंडाऱ्याची योजना केली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून तापीच्या दिशेने पाझरत येते, हे ओळखून त्याने जागोजागी कूप खणले, ते भुयाराने एकमेकांस जोडले व ते पाणी शहरात आणले. तो स्वयंसेवक नव्हता, राज्याचा सेवक होता. पण त्याचा क्रम पाहा : परदेशातून आलेल्या या माणसाने आधी इथली जमीन वाचली, आणि मग शहराला पाणी दिले.

पाण्यावरून माझी स्वतःची एक फजिती आठवली. बारा वर्षांपूर्वी मी गोव्याहून या गावी शिक्षिका म्हणून आले. घरात कोंकणी, शिक्षण मराठीतून, त्यामुळे भाषेची अडचण नाही असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी वर्गात घसा कोरडा पडला आणि तोंडातून गेले, “थोडे उदक आण गो!” वर्गात हशा पिकला. कोंकणीत ‘उदक’ म्हणजे साधे प्यायचे पाणी. इथे उदक म्हणजे राजघाटावर पितरांना द्यायचे, नाही तर एखाद्या वस्तूवरचा हक्क सोडताना सोडायचे! त्या दिवशी मी रागावले. निमाडचा उन्हाळा, शीतकडीचा अभाव आणि संध्याकाळी बोलायला कोणी नाही. माझीही बॅग दोन वेळा भरून झाली होती.

त्याहून मोठा धडा पुढे मिळाला. आपल्या गावात यंत्रमाग पुष्कळ. मागकामगारांच्या एका वस्तीत मी रविवारचा मोफत वर्ग सुरू केला. मुले घरी हिंदी, उर्दू, निमाडी बोलत. मी मात्र पुस्तकी मराठीत हिशेब शिकवीत असे. पहिल्या रविवारी तीस मुले आली, पाचव्या रविवारी चार. ‘या लोकांना शिक्षणाची कदरच नाही,’ असे मी मनात म्हटले. तेव्हा एका वृद्ध विणकरीण आजींनी मला हळूच सुचविले, की बाई रोज सांगतात, पण कधी काही विचारत नाहीत. मला ते झोंबले, पण खरे होते. पुढच्या रविवारी मी मुलांनाच म्हटले, की मला मागाविषयी काही ठाऊक नाही, तुम्ही शिकवा. ताणा कोणता, बाणा कोणता, एका वितीत धागे किती, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने शिकविले. मग गुणाकार-भागाकार आम्ही त्या धाग्यांवरच केले. मुले परत आली. ही माझ्याच गावातली गोष्ट. मग परदेशात तर याची गरज किती पटींनी अधिक असेल!

नैरोबीला मी हे सारे लिहून पाठविले आणि त्यासोबत काही व्यावहारिक सूचना केल्या. त्या येथे नमूद करते, कारण त्या कोणत्याही नगरीत उपयोगी पडतील.

पहिली सूचना भाषेची. कामापुरते इंग्रजी पुरते, पण माणसांपुरते पुरत नाही. रोज एक तास तेथील भाषेसाठी राखून ठेवावा, आणि चुकताना लाजू नये. स्वाहिली भाषेत मोटारीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’ म्हणतात. चहा ‘चाय’ आणि चपाती ‘चपाती’च! याचे कारण जुने दळणवळण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोहमार्ग बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले, आणि नैरोबी शहराचा जन्मही १८९९ साली त्या लोहमार्गाचे एक ठाणे म्हणूनच झाला. परकी भाषा नीट ऐकली तर तीत आपल्या माणसांच्या पाऊलखुणा सापडतात.

दुसरी सूचना शहराची. महानगर कोणालाच एकदम आपले वाटत नाही. म्हणून सारे शहर पाहण्याच्या मागे न लागता एक गल्ली आपली करावी. रोज त्याच दुकानातून भाजी घ्यावी, त्याच वाटेने जावे. महिन्याभरात दोन-चार चेहरे ओळखीचे हसू लागतात. सुरक्षिततेविषयी मात्र तेथील अनुभवी लोकांचे ऐकावे, धाडसाची हौस करू नये.

तिसरी सूचना आपल्या माणसांविषयी. मराठी अथवा भारतीय कुटुंबे भेटली तर सणावारी अवश्य जावे, पण प्रत्येक संध्याकाळ तेथे घालवू नये. दूरध्वनीचेही तसेच. कोटणीसांच्या काळी घरचे पत्र पोहोचायला आठवडे लागत. आज हातातल्या मोबाईलवर आईचा चेहरा रोज दिसतो. हे मोठे भाग्य आहे. परंतु सारी संध्याकाळ त्या चेहऱ्याशी बोलण्यात गेली, तर शेजारच्या खोलीतले माणूस सहा महिने अनोळखीच राहते.

चौथी सूचना प्रकृतीची. कोटणीसांना झटके येत असूनही ते कामावर राहिले. त्या त्यागापुढे आपण नम्र व्हावे, पण त्याचे अनुकरण करू नये. युद्धभूमीवर त्यांना पर्याय नव्हता, आपल्याला तो असतो. निघण्यापूर्वी लसी, विमा व वैद्यकीय तपासणी पुरी करावी, आणि मन फारच खचले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

आणि शेवटी तिचा मूळ प्रश्न : परत येऊ का? मी लिहिले, की परत येणे ही नामुष्की नव्हे. पथकातील पाचही जण सारखाच काळ राहिले नाहीत. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच परतले, डॉ. अटल १९४० मध्ये, डॉ. बसू १९४३ मध्ये. त्यामुळे त्यांच्या सेवेला कमीपणा आला नाही. फक्त हा निर्णय तिसऱ्या आठवड्यात घेऊ नकोस. तेव्हा निर्णय तू घेत नसतेस, तो धक्का घेत असतो. भाषेचे दोनशे शब्द येऊ दे, मग विचार कर.

दोन महिन्यांनी तिचे उत्तर आले. रुग्णालयात भांडी घासणारी एक वयस्क बाई होती. हिने तिच्याकडून रोज पाच शब्द शिकण्याचा परिपाठ ठेवला होता. एके दिवशी उशिरापर्यंत काम चालले. त्या बाईने हिच्याकडे पाहून विचारले, “उमेकुला?” माझ्या विद्यार्थिनीला क्षणभर कळेना, आणि मग एकदम डोळे भरून आले. ‘उमेकुला’ म्हणजे ‘जेवलीस का?’ तिने लिहिले होते : “बाई, कदाचित हे मला पहिल्या आठवड्यातही कोणी विचारले असेल. मला कळले नसेल.”

ती आपले वर्ष पुरे करून आली. आल्यावर आम्ही दोघी राजघाटावर गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो असता तिने सांगितले, की ‘नैरोबी’ हे नाव मसाई भाषेतून आले आहे आणि त्याचा अर्थ होतो थंड पाणी. मला माझे ‘उदक’ आठवले आणि आम्ही दोघी हसलो.

परक्या नगरीत जाताना बरोबर न्यायची, सामानाच्या यादीत नसलेली वस्तू कोणती, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. ती म्हणजे शिष्यवृत्ती. पैशाची नव्हे, तर शिष्याची वृत्ती. आपली भाषा, आपले अन्न, आपले सण यांवर उदक सोडण्याची मुळीच आवश्यकता नाही. उदक सोडायचे ते केवळ एका गोष्टीवर : ‘मी देणारा आहे’ या अभिमानावर. तेवढे एकदा सोडले, की कोणत्याही काठावर तहानेपुरते पाणी मिळते.